सोयीचा उंदीर, गैरसोयीचा ट्री श्रू

नंदामावशी निवृत्त होईपर्यंत एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात फार्माकॉलॉजी शिकवत होती. तिथलं ॲनिमल हाउसही तीच सांभाळायची. तिचा भाचा मिलिंद सह्याद्रीतल्या लहान सस्तन प्राण्यांचा अभ्यास करतो, म्हणजे संध्याकाळी सापळे लावतो आणि पहाटे उंदीर-चिचुंद्र्या मोजून पुन्हा सोडून देतो. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही आणि एकमेकांशी पटतही नाही. मी मिलिंदचा मित्र, त्यामुळे या वादात माझं मत कुणी विचारत नाही. जिथं राहवलं नाही तिथं मीच मध्ये तोंड घातलं आहे.

मिलिंद: मावशी, तुम्ही लोकांनी ट्री श्रूलाही सोडलं नाही ना?

मावशी: ‘तुम्ही लोक’ म्हणजे कोण? मी आयुष्यात एकही ट्री श्रू हातात धरलेला नाही. आमच्याकडे रॅट, माइस, गिनी पिग आणि ससे. पूर्वी बेडूक असायचे, तेही पुढे बंद झाले.

मिलिंद: म्हणजे पिंजऱ्यात मावणारे, भराभर विणारे, पुरवठादाराला फोन केला की येणारे.

मावशी: हो, सोय बघितली. त्यात लाजायचं काय? माइस वीस-एकवीस दिवसांत वितात आणि सगळी पिल्लं एकाच वंशाची, आतून-बाहेरून सारखी. दहांना औषध दिलं, दहांना नाही दिलं आणि फरक दिसला, तर तो औषधाचाच असं छातीठोकपणे म्हणता येतं. तुझ्या रानातल्या उंदरांवर मला तसं म्हणता येईल का?

मिलिंद: तसं म्हणता येतं ते त्या एका वंशापुरतं. दवाखान्यात येणारी माणसं एका वंशाची नसतात.

मावशी यावर काही बोलली नाही. ती गप्प बसली की मुद्दा पटलाय असं समजायचं नसतं, पुढचा वार कुठून करायचा हे ती ठरवत असते.

ज्यांनी ट्री श्रू पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आग्नेय आशिया, दक्षिण चीन आणि भारताच्या काही भागांत राहणारा, खारीएवढा, झुपकेदार शेपटीचा आणि लांब टोकदार नाकाडाचा हा प्राणी. बहुतेक जाती दिवसा हिंडतात, किडे आणि फळं खातात. तो खार नाही आणि चिचुंद्रीही नाही, त्याचा गणच वेगळा आहे आणि त्यात जेमतेम वीसेक जाती. आपल्याकडे सातपुड्यात आणि पूर्व घाटात एक जात आहे, निकोबारमध्ये दुसरी, ईशान्येकडे तिसरी. 1920 च्या दशकात ल ग्रोस क्लार्क या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं त्याची कवटी आणि मेंदू तपासून त्याला थेट माकडांच्या पंगतीत बसवलं. माकडांच्या घराण्यातला, तोही खिशाला परवडणारा प्राणी म्हटल्यावर प्रयोगशाळांचे कान टवकारले. साठच्या दशकात अभ्यासकांनी त्याला त्या पंगतीतून उठवलं, पण तोवर तो पिंजऱ्यात रुळला होता.

मिलिंद: ‘रुळला’ नको म्हणूस. सुरुवातीला तो पिंजऱ्यात जगतच नव्हता. आया पिल्लांना जन्म द्यायच्या आणि खाऊन टाकायच्या. सगळे म्हणायचे, विचित्रच प्राणी आहे. मग रॉबर्ट मार्टिन नावाचा एक तरुण संशोधक त्यांच्या सवयी बघत बसला. त्याला दिसलं, ट्री श्रूची आई पिल्लांबरोबर झोपतच नाही. पिल्लांचं घरटं वेगळं, तिचं वेगळं. ती अठ्ठेचाळीस तासांत एकदाच येते, पाच-दहा मिनिटांत दूध पाजते आणि निघून जाते. दूध इतकं दाट की पिल्लांची पोटं तट्ट फुगतात, त्यावर ती दोन दिवस काढतात. तुम्ही काय करत होता? आईला आणि पिल्लांना एकाच खोक्यात कोंडून ठेवत होता. त्याला तुम्ही मातृत्व म्हणत होता. तिच्यासाठी तो छळ होता.

मावशी: मग दोन खोकी ठेवली, प्रश्न मिटला.

मिलिंद: दोन खोकी ठेवायला हवीत हे कळायला कुणीतरी नुसतं बघत बसावं लागलं. औषध न टोचता.

मावशी: अरे, पण मार्टिनही पिंजऱ्यातलेच बघत होता! तुला वाटतं तेवढा तो तुझ्या बाजूचा नाही.

मला विचाराल तर या सगळ्या वादातला कळीचा मुद्दा इथंच येऊन गेला, पण दोघांनीही तो उचलला नाही. प्राणी प्रयोगात आणायचा तर आधी तो प्राणी म्हणून ठाऊक असावा लागतो. रॅट आणि माइस आपल्याला इतके सवयीचे झालेत की ते ठाऊक आहेत असंच आपण धरून चालतो.

मावशीनं बोलणं डोळ्यांकडे वळवलं.

मावशी: तुझ्या मुलीचा चष्म्याचा नंबर किती आहे आता?

मिलिंद: अडीच. दर वर्षी वाढतोय. का?

मावशी: का वाढतो, याचं बरंचसं उत्तर ट्री श्रूनं दिलंय. उंदराकडून ते मिळालंच नसतं. उंदीर रात्रीचा, त्याची नजर अधू. ट्री श्रूच्या डोळ्याच्या पडद्यात जवळजवळ सगळ्याच पेशी दिवसाच्या उजेडात बघणाऱ्या. 1977 मध्ये अमेरिकेत काही जणांनी त्याच्या पिल्लांची एक पापणी शिवली...

मिलिंद: शिवली!

मावशी: शिवली, हो. आणि त्या डोळ्याचा गोळा लांबट झाला, म्हणजे लांबचं दिसेना. पुढं शिवणं थांबलं. आता पिल्लांना छोटे गॉगल घालतात, त्यांत उणे नंबरची भिंगं. डोळा त्या भिंगाला जुळवून घेण्यासाठी लांब वाढतो आणि भिंग काढलं की वाढ मंदावते. म्हणजे डोळा किती वाढायचं हे समोर काय दिसतं त्यावरून ठरवतो. नंबर निव्वळ आनुवंशिक आहे म्हणून हात झटकणाऱ्या डॉक्टरांना तिथं गप्प बसावं लागलं.

मिलिंद: त्यासाठी किती पिल्लं?

मावशी: आकडा मला पाठ नाही. पण तुझ्या मुलीच्या बाजूनं मी मत देईन.

तेवढ्यापुरता मिलिंद गप्प बसला. तो हरला तर मुद्दा बदलतो, मावशी जिंकली तरी बदलते. तिनं लगेच यकृताचा विषय काढला आणि मग बराच वेळ दोघंही तिथून हलली नाहीत.

मावशी: बाळ जन्मलं की चोवीस तासांत हिपॅटायटिस बीची लस टोचतात. ती चांगली लस आहे. पण ज्यांना आधीच संसर्ग झालाय त्यांचं काय? जगात 25 कोटींहून जास्त माणसं या विषाणूसह जगतायत. यकृत हळूहळू घट्ट होत जातं, काहींना कॅन्सर होतो. ब्लमबर्गनं साठच्या दशकात या विषाणूचा माग काढला, 1976 मध्ये त्याला नोबेलही मिळालं. पण हा विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो कसा, हे पुढं पस्तीस वर्षं कुणाला कळलं नाही.

मिलिंद: का?

मावशी: नखरेल आहे तो. त्याला माणसाचं यकृत चालतं, चिंपांझीचं चालतं. उंदराचं नाही, रॅटचं नाही. चिंपांझी कुणाला परवडणार? आणि परवडला तरी तू परवानगी देणार आहेस का?

मिलिंद: अमेरिकेनंही 2015 मध्ये चिंपांझींवरचे प्रयोग बंदच केले.

मावशी: आणि चांगलं केलं. राहिला ट्री श्रू. त्याच्या यकृताच्या पेशींत हा विषाणू शिरतो. बीजिंगमध्ये वेनहुई ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये काय केलं, ऐक. विषाणूच्या वेष्टनाचा एक तुकडा घेतला, ज्यानं तो यकृताला चिकटतो तोच. तो आमिष म्हणून ट्री श्रूच्या पेशींमध्ये सोडला आणि तो ज्याला चिकटला ते प्रथिन ओढून काढलं. ते निघालं एनटीसीपी. हे प्रथिन पित्तातले क्षार रक्तातून यकृतात घेण्याचं रोजचं काम करतं. म्हणजे विषाणूनं आत यायला चोरदार शोधलं नव्हतं, दूधवाल्याचं दार वापरलं होतं.

मिलिंद: उंदराच्या यकृतातही हे प्रथिन असणारच ना?

मावशी: असतं. पण मोजक्या जागी फरक आहे, तेवढ्यानं विषाणूला आत शिरता येत नाही. मग त्यांनी मानवी एनटीसीपीचं जनुक घेतलं आणि माणसाच्या यकृताच्या कॅन्सरच्या ज्या पेशी काचेच्या ताटलीत वर्षानुवर्षं वाढवतात त्यांत घातलं. त्या पेशींत हा विषाणू आधी शिरत नव्हता. आता शिरला. आता कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत ताटलीतच हा अभ्यास होतो.

मिलिंद: म्हणजे ट्री श्रूनं असं काही शोधून दिलं की या कामापुरती त्याची स्वतःचीच गरज उरली नाही.

मावशी: मग? याहून चांगला प्राण्यांवरचा प्रयोग कुठला?

हे तिचं वाक्य मला फार आवडलं. प्राण्यांवरचे प्रयोग बंद करा म्हणणारे आणि चालू ठेवा म्हणणारे दोघंही जे क्वचितच बोलतात ते ती सहज बोलून गेली: प्रयोगाची किंमत तो पुढचे किती प्रयोग वाचवतो यावरही ठरवता येते.

मिलिंद: मग अजून चीनमध्ये त्यांच्या वसाहती कशाला वाढवतायत? कुनमिंगच्या प्राणिशास्त्र संस्थेनं 2013 मध्ये त्याचा जीनोम प्रसिद्ध केला आणि लगेच सांगितलं, हा उंदरापेक्षा माणसाच्या जवळचा. म्हणजे माकडांच्या पंगतीतून उठवलेल्याला पुन्हा जवळ बोलावलं, तेही वापरण्यासाठी.

मावशी: ताटलीतल्या पेशींना सिरोसिस होत नाही. रोगप्रतिकारशक्ती नसते. पूर्ण प्राणी लागतोच.

मिलिंद: पण पूर्ण ट्री श्रूला हा आजार धड होतही नाही ना? मी वाचलंय. सौम्य संसर्ग होतो आणि बहुतेकांत निघून जातो.

मावशी: (थोडं थांबून) हो. मोठ्या ट्री श्रूला फारसा होत नाही. पिल्लांना लावला तर काहींत टिकतो. ते कबूल. पण त्याच्या पेशींनी आणखी एक काम केलं. हायडेलबर्गमध्ये विषाणूच्या त्याच तुकड्यापासून एक औषध बनवलं, विषाणूच्या आधी त्या प्रथिनाला जाऊन चिकटणारं. सुरुवातीच्या चाचण्यांत ट्री श्रूच्या पेशी होत्या. 2020 मध्ये युरोपानं हिपॅटायटिस डीसाठी त्याला परवानगी दिली.

मिलिंद: आणि 1993 मध्ये काय झालं? फियालुरिडीन?

नाव ऐकताच मावशीचा चेहरा उतरला. ही गोष्ट तिला ठाऊक नसणार असं मिलिंदला वाटलं असेल तर तो फसला.

मावशी: ती गोष्ट मी दर वर्षी तिसऱ्या सेमिस्टरला सांगायचे. हिपॅटायटिस बीचंच औषध. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 15 रुग्णांना दिलं. सात जणांचं यकृत निकामी झालं, पाच जण गेले. माइस, रॅट, कुत्रे, माकडं, सगळ्यांनी त्याला आधी बरं म्हटलं होतं.

मिलिंद: मग?

मावशी: मग कारण शोधलं. हे औषध पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात शिरून तिथं बिघाड करतं. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात त्याला आत नेणारं एक प्रथिन असतं, उंदराच्यात ते तिथं नसतं. आणि नंतर वुडचकला ते औषध काही आठवडे दिलं, तर त्याचंही यकृत असंच गेलं. वुडचक म्हणजे अमेरिकेतला तो जाडा, बिळात राहणारा प्राणी. त्याला हिपॅटायटिस बीच्या जवळचा विषाणू निसर्गतःच होतो.

मिलिंद: म्हणजे योग्य प्राणी सापडला, पण पाच माणसं गेल्यावर.

मावशी: हो.

मिलिंद: आणि तुला त्यातून असं वाटतं की प्राणी हवेतच?

मावशी: मला असं वाटतं की प्राणी चुकीचा निवडला तर तो खोटी ग्वाही देतो. ते प्राणी नकोत यापेक्षा वेगळं आहे.

इथं मी चिचुंद्रीचा विषय काढला. वाद उदास व्हायला लागला होता आणि चिचुंद्री आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. मावशीचा चेहरा पुन्हा खुलला.

मावशी: उंदराला उलटी येत नाही, माहीत आहे ना? म्हणून तर विष खाल्लं की तो संपतो. आता केमोथेरपीच्या रुग्णाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा? उलट्यांचा. उलटीवरचं औषध तपासायचं तर उंदीर बिनकामाचा. आधी फेरेट वापरले. मग 1987 मध्ये जपानमध्ये उएनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आपली घरातली चिचुंद्री, सुंकस म्युरिनस, केमोच्या औषधानं उलटी करते. आणि गंमत पुढंच आहे. तिला एका फळीवर ठेवून मागं-पुढं हलवत राहिलं की काही मिनिटांत ओकते. चिचुंद्रीला गाडी लागते!

मिलिंद: (हसून) घाटातून आणायलाच नको.

मावशी: तू किती चिचुंद्र्या पकडल्यास आजवर?

मिलिंद: मोजून सांगायला वही काढावी लागेल.

मावशी: आणि किती मेल्या सापळ्यात?

मिलिंदनं मान खाली घातली नाही, पण उत्तर यायला वेळ लागला. पत्र्याच्या डबीसारखा सापळा, आत भज्याचा तुकडा. प्राणी आत शिरला की दार पडतं. चिचुंद्रीच्या शरीराची भट्टी इतकी पेटलेली असते की काही तास उपाशी राहिली तरी ती जाते. त्यामुळे रात्रीतून उठून सापळे पाहावे लागतात. मी त्याच्याबरोबर एकदा गेलो होतो. टॉर्चच्या उजेडात सापळ्याचं दार उघडून तो आतला ऐवज कापडी पिशवीत ओततो, पिशवी काट्याला टांगून वजन करतो, शेपूट आणि मागचा पाय मोजतो आणि पिशवीचं तोंड जमिनीवर सैल सोडतो. प्राणी क्षणभर थांबतो आणि मग पाचोळ्यात नाहीसा होतो. हाताला मात्र चिचुंद्रीचा वास दोन दिवस राहतो.

मिलिंद: काही गेल्या. आता आम्ही दर तीन तासांनी बघतो. पण मी त्यांना छळायला पकडत नाही.

मावशी: मीही छळायला पकडत नव्हते.

मिलिंद: फॉन होल्स्ट छळायलाच पकडत होता. जर्मनीत. दोन नर ट्री श्रू एका पिंजऱ्यात सोडायचे, भांडण झालं की हरणाऱ्याला वेगळं काढायचं, मध्ये फक्त जाळी. जिंकणारा त्याला हात लावू शकत नाही, पण समोर दिसत राहतो. हरलेला दिवसभर कोपऱ्यात बसतो, शेपटीचे केस सतत पिंजारलेले. काही दिवसांत मरतो. जखम एकही नाही. मूत्रपिंडं बंद पडून मरतो.

मावशी: ते मला माहीत आहे. आणि त्याच वाटेनं पुढं गेलेल्यांनी 1997 मध्ये दाखवलं की अशा ताणानं प्रौढ मेंदूत नव्या पेशी तयार होणंच कमी होतं. नैराश्य म्हणजे ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांना तो पुरावा होता.

मिलिंद: तू आज फॉन होल्स्टच्या प्रयोगाला परवानगी दिली असतीस?

मावशी: (ताबडतोब) नाही.

हे ‘नाही’ इतक्या पटकन आलं की मिलिंदच्या पुढच्या वाक्याची हवाच गेली. मग तिनं सावरून सांगितलं की तो प्रयोग झाला तेव्हा असं विचारणारी यंत्रणाच नव्हती. भारतात 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा होता, पण प्रयोगांवर खरी देखरेख ठेवणारे नियम यायला 1998 उजाडलं. त्यानंतर प्रत्येक संस्थेत नीतिमत्ता समिती, त्यात पशुवैद्य, सरकारनं नेमलेला प्रतिनिधी, बाहेरचा शास्त्रज्ञ आणि एक तरी शास्त्राबाहेरचा माणूस.

मिलिंद: नियम बरे आहेत. पण त्या समितीत रानात जाणारा कुणी असतो का? पुण्याचीच गोष्ट घे. सिंहगडावरचा कोंडाणा उंदीर ही वेगळी जात आहे हे 1975 मध्ये कुणी दाखवलं? विद्यापीठातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी नाही. मिश्रा आणि धांडा यांनी, म्हणजे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या माणसांनी. ते रोगाच्या मागावर होते. क्यासनूर जंगलातल्या माकडतापापासून त्या केंद्राला ठाऊक होतं की माकड मरून पडलेलं दिसतं, पण विषाणू आणि गोचीड सांभाळत बसतात ते रानउंदीर आणि चिचुंद्र्या. तोच ताप 2016 मध्ये सिंधुदुर्गात आला तेव्हा दोडामार्गच्या काजूबागांतले उंदीर ओळखू शकणारी माणसं किती होती?

मावशी: ते मात्र खरं आहे. उंदीर बघितला की आमची पोरं ‘रॅट’ लिहून मोकळी.

मिलिंद: तेच. तुम्हाला प्रयोगासाठी प्राणी हवा असतो, पण प्राण्यांची माहिती नको असते.

मावशी: मग ये ना समितीवर. मी एका कॉलेजात बाहेरची शास्त्रज्ञ म्हणून बसते. यंदा माझी मुदत संपतेय, त्यांना माझ्या जागी कुणीतरी हवंय.

मिलिंद: मी पहिल्याच बैठकीत सगळे प्रस्ताव परत पाठवीन.

मावशी: पाठव. पण आधी फॉर्म वाच. त्यात ‘हीच जात का निवडली’ अशी ओळ आहे. तिथं दहापैकी नऊ जण एकच वाक्य लिहितात, सहज उपलब्ध आणि हाताळायला सोपी. सोमवारी अकराला बैठक आहे. पहिला प्रस्ताव मधुमेहाचा, रॅटना चरबीयुक्त खाणं देऊन.

मिलिंद: वाळवंटातल्या सँड रॅटला प्रयोगशाळेचं साधं खाणं दिलं तरी मधुमेह होतो. त्याच्यावर का नाही?

मावशी: ते म्हणतील, आपल्याकडे मिळत नाही. आणि ते खरं असेल.

मिलिंद: मग?

मावशी: मग तू सांग, त्यांना जे विचारायचंय ते रॅटला विचारता येतं की नाही. येत असेल तर सही कर. नसेल तर परत पाठव.

मिलिंद: आणि ठरवता आलं नाही तर?

मावशी: तर बैठक लांबेल. डबा घेऊन ये.